फौजदाराचं खाणं

नेरूळच्या नव्या बिल्डिंगींत कुणाच्या गॅलरीत कोंबडा आरवला, की आमचे गोटीराम भावोजी तो जिना चढलेच म्हणून समजा. काखेत छत्री, पायात टायरच्या चपला. बेल दाबायची सवय नाही, म्हणून कडीच खडखडवतात. दार उघडलं की रामराम नाही, नमस्कार नाही, एकदम विचारतात, "कोंबऱ्याला काय घालता?"

बायका घाबरतात हो. पोरांनी हट्ट केला म्हणून बाजारातनं रंगवलेलं पिल्लू आणलेलं असतं. बहुतेक पिल्लं आठवड्यातच मान टाकतात, एखादं चुकून जगतं, तुरा काढतं, आणि मग त्याचं करायचं काय ते कुणाला समजत नाही. कुणी पाव घालतं, कुणी कालची चपाती. हौशी लोक पनवेलहून पोल्ट्रीचं खाद्य आणतात. खाद्याचं नाव काढलं की भावोजींचा चेहरा उतरतो. "घाला, चांगलं हाय ते. पन मूठभर तांदूल पन टाका. रोज टाका. त्याला दाना कलला पायजे." एवढं बोलतात आणि चहाला न थांबता जिना उतरतात.

मी त्याच बिल्डिंगींना भाजी देते. तिथल्या सुचित्राबाईंनी एकदा मला जिन्यात गाठलं. "दुर्गाबाई, तो म्हातारा तुमच्यातला ना? डोक्यावर परिणाम झालाय का हो त्याच्या?"

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "बाई, त्यांचं डोकं तुमच्या-माझ्याहून जागेवर आहे, तीच तर पंचाईत आहे. वेडे झाले असते तर सुटले असते." त्या कोथिंबीर न घेताच वर गेल्या. जाऊ देत. जिन्यात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती. आज सांगते.

मी पनवेलची. बाप शाळेत शिपाई होता, म्हणून माझं बोलणं हे असं अर्धं शहरी. सासरी अजून हसतात. लग्न होऊन आले ती या गावात, तेव्हा नेरूळ म्हणजे नुसती भातखाचरं, मिठागरं आणि खाडी. गोटीराम माझे चुलत दीर. त्यांची बायको पुतळा, माझी थोरली जाऊ. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत, तीही कुडाची. तिकडं कुणी शिंकलं की इकडून मी "जीव रे" म्हणायची. त्यांना एकच मुलगी, ती उरणला दिलेली. घरात दोघंच आणि भावोजींचे कोंबडे.

भावोजींना दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. नाद एवढाच. कोंबड्या नव्हेत हं, कोंबडे. कोंबड्या आणि अंडी पुतळाबायची, कोंबडे यांचे. झुंजी लावायच्या नाहीत, विकायचे नाहीत, नुसतं वाढवायचं आणि बघत बसायचं. जेवायला बसले की पहिला घास अंगणात. पुतळाबाय मला म्हणायची, "बग दुर्गे, माजी सवत. डोक्यावर तुरा लावून फिरते मेली." आणि भावोजी लाजायचे, खरंच लाजायचे.

कोंबड्याला काय घालायचं, त्याचं त्यांचं शास्त्र होतं. पिल्लू असेपर्यंत भिजवलेली कणी. पंख फुटले की कोंडा, त्यात ताकाचं पाणी. आरवायला लागला की खळ्यावरचं अख्खं भात, सालीसकट. कधीमधी जवळा, पण उन्हात नुसता वाळवलेला. खारवलेला घातला तर पाणी पीत पीत मरतो, म्हणायचे. हे सगळं शेत होतं म्हणून चाललं. मळणी झाली की खळ्यावर जे सांडायचं त्यावर दहा घरचे कोंबडे पोसायचे, कुणी हिशेब विचारत नव्हतं.

मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. ते सगळ्या गावाचं रडगाणं आहे, मी उगाळत बसत नाही. एवढंच सांगते, की त्याच्या आदल्या पावसाळ्यात बांध फुटून खाडीचं पाणी आमच्या खाचरांत शिरलं होतं. खारं पाणी एकदा आत आलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नाही. घरोघरी चुली थंड. अशा वेळी सरकारचे साहेब आले, देवळासमोर टेबल मांडलं आणि एकेकाला बोलावलं. "संमती आहे ना?" भावोजींनी मान हलवली आणि अंगठा उठवला. पुतळाबाय लांब उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. पुढं त्या शेतावर मुरूम पडला, मुरमावर रस्ता आला, रस्त्यावर डंपर आले.

शेतकऱ्याला शेत नाही तर काय करणार? भावोजी कामोठ्याच्या पलीकडं एका शेठच्या पोल्ट्रीवर कामाला लागले. हजारभर पांढरी पाखरं, पिंजऱ्यात एकाला एक चिकटून. संध्याकाळी सायकलवरून यायचे आणि पडवीत बसून तेच सांगायचे. "कोंबरी हाय का काय हाय ती! माती ठावूक नाय, किरा ठावूक नाय. पन खानं बगशील दुर्गे, तर चाट परशील. मका, शेंगदान्याची पेंड, सुकी मासली, सगलं दलून बारीक पीठ केलेलं. आपल्याला लग्नात पन नाय भेटत." फाटलेल्या पोत्यांतलं, सांडलेलं खाद्य घरी न्यायला मॅनेजरनं परवानगी दिली होती. ते पिशवीतनं घेऊन यायचे, कोंबड्यांसाठी.

त्याच वर्षी पुतळाबाय खोकायला लागली. आधी म्हटलं रस्त्याच्या कामाची धूळ असेल. मग अंग तापायला लागलं, लुगडं कमरेवर ठरेना. मी माझ्या माहेरच्या ओळखीनं तिला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. छातीला डाग निघाला. टीबी. तिथल्या सिस्टरनी बजावून सांगितलं, "सुया घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या, दीड वर्ष. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर आजार उलटतो आणि मग गोळीलाही जुमानत नाही." मी तिथंच पुतळाबायचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. ती हसली आणि म्हणाली, "घेन गं. मना काय मराची हौस हाय?"

गोळ्या घेतल्या बिचारीनं. सकाळी घ्यायची, ओकायची, परत घ्यायची. पण त्याच आठवड्यात देवळात जाऊन नवसही बोलून आली. मी म्हटलं, "बाय, गोळ्या चालू आहेत ना, मग देवीला कशाला त्रास?" तर म्हणते, "नांगराला दोन बैल लागतात, दुर्गे. एक दवाखान्याचा, एक देवीचा." आता यावर काय बोलणार? म्हटलं, असू दे. दोन बैलांना ओढू दे.

आमच्या गावदेवीच्या नवसाचा रिवाज सांगायला हवा. नवसाचा कोंबडा विकतचा चालत नाही, पिल्लापासून घरात वाढवलेला हवा. चैत्रातल्या जत्रेला त्याला देवीपुढं आणायचं, मोकळा सोडायचा आणि पुढं केळीच्या पानावर तांदूळ टाकायचे. कोंबड्यानं दाणा उचलला की देवीनं नवस घेतला. मग त्याला कापा, प्रसाद वाटा. नाही उचलला, तर देवीनं तोंड फिरवलं. मग त्या कोंबड्याला कुणी कापत नाही, त्याचं कुणी खात नाही. मी लग्न होऊन आल्यापासून एकही कोंबडा न उचलणारा बघितला नव्हता. का नाही उचलणार? जन्म भातावर गेलेला. दाणा दिसला की चोच मारणारच. आमच्या सासूबाई तर म्हणायच्या, देवी मोठी मायाळू आहे, कुणाला नाही म्हणत नाही.

पुतळाबायनं पिल्लू निवडलं ते लाल, मानेवर सोनेरी झाक. अंड्यातनं निघाल्यापासून छाती काढून चालायचं, म्हणून भावोजींनी नाव ठेवलं फौजदार. देवीचा कोंबडा, माझ्या बायकोच्या जिवाचा कोंबडा, असं म्हणून त्यांनी त्याला डोळ्यांत तेल घालून जपलं. बाहेर सोडायचं नाही, रस्त्यावर डंपर. खुराड्याला जाळी मारली. दवाखान्यातनं पुतळाबायचं औषध आणि पोल्ट्रीवरून फौजदाराचं खाद्य, दोन पिशव्या सायकलच्या दोन बाजूंना लटकत यायच्या.

एकदा मी भिंतीपलीकडून ऐकलं. पुतळाबाय म्हणत होती, "थोरं तांदूल टाका त्याला. घरचा कोंबरा, तांदलाची चव नको?"

भावोजी चिडले. ते सहसा चिडायचे नाहीत. "रेशनचं तांदूल महिन्याला पुरत नाय, त्यातलं कोंबऱ्याला टाकू? डाक्टर काय बोलला? पोटभर खा बोलला. या घरातला दानान् दाना तुज्या पोटात जाईल. त्याला मी शेठच्या कोंबऱ्यांचं खानं घालतो. मासली हाय त्यात, पेंड हाय. देवीला काय मरतुकरा कोंबरा द्यायचा?"

बरोबरच होतं की त्यांचं. मी असते तरी तेच केलं असतं. पूर्वी शेत होतं तेव्हा कोंबड्याला काय घालायचं याचा विचार करावा लागत नव्हता. आता निवडायचं होतं, आणि त्यांनी बायकोला तांदूळ दिला आणि कोंबड्याला त्याहून भारी खाणं दिलं. फौजदारानं आयुष्यात तांदळाचा एक दाणा बघितला नाही, हे आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणि काय वाढला हो तो! पिसं अशी चकाकायची, की हात फिरवावासा वाटे. गावातले लोक मुद्दाम बघायला यायचे. ट्रकवाला बाजीराव सहसा कुणाचं कौतुक करत नाही, तोही म्हणाला, "गोट्या, या वर्षी तुजाच कोंबरा जत्रेत पयला." इकडं पुतळाबायही सुधारत होती. ताप गेला, गाल भरले, दळणाला स्वतः जाऊ लागली. सिस्टर म्हणाल्या, अर्ध्याहून जास्त रस्ता संपला, आता हूं म्हणायचं आणि चालत राहायचं. त्या दिवशी दवाखान्यातनं येताना आम्ही दोघी पनवेलच्या नाक्यावर उसाचा रस प्यालो. इतकी खूश मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा बघितली.

चैत्र आला. जत्रेच्या दिवशी पुतळाबाय हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून स्वतःच्या पायांनी देवळात चालत गेली. वर्षामागं तिला दारातून पायरी उतरता येत नव्हती. भावोजी फौजदाराला छातीशी धरून मागून. ढोल चालू होता. आमचा भगत मारोती, त्यानं पान मांडलं, मूठभर तांदूळ टाकले, कुंकू वाहिलं आणि म्हणाला, "सोर."

भावोजींनी फौजदाराला खाली ठेवला. तो उभा राहिला. मान वाकडी करून पानाकडं बघितलं. मग लोकांकडं बघितलं. लोक हसले, म्हणाले, साहेबांना घाई नाही. तो एक पाऊल पुढं गेला आणि तांदळावरनं चालत पलीकडं गेला. सरळ चालत. पायाला चिकटलेले दाणे त्यानं झटकले आणि उभा राहिला.

"खा रे," भावोजी म्हणाले. "खा ना, बाला."

मारोतीनं परत पान मांडलं, परत तांदूळ टाकले. भावोजींनी त्याची मान धरून दाण्यांकडं वळवली, तर भगत ओरडला, "हात लावू नको, देवीचा हाय." फौजदार तिथं उभा राहिला, पंख फडफडवले आणि जोरात आरवला. ढोलवाल्यानं ढोल थांबवला. कुणीतरी पोर हसलं, त्याच्या आईनं त्याला मुस्काटात दिली. त्या कोंबड्याचा तेव्हा मला असा राग आला, की वाटलं तिथंच मुरगाळावा. मेल्या, एक दाणा! एकच दाणा उचल, तुझं काय जातं!

नाही उचलला. मारोती खाली मान घालून म्हणाला, "देवीची मर्जी." पुतळाबायनं जोडलेले हात सोडले, पदर सारखा केला आणि वळली. कुणाकडं न बघता घरी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरनं हाक मारली, "बाय, गोळी घेतलीस का?" जाऊन बघते तर ही चुलीपुढं बसलेली आणि गोळ्यांची पुडी फडताळात तशीच.

"आता कनाला घेऊ ती?" म्हणाली.

मी नको नको ते बोलले. म्हटलं, "अगं, कोंबड्यानं दाणा खाल्ला नाही म्हणून तू गोळी खायची नाहीस? हा कुठला न्याय? माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस ना? मरू का मी?"

"तू कनाला मरशील. शपत मी मोरली, ती मनाच लागू दे," ती शांतपणे म्हणाली. "एक बैल बसला, दुर्गे. दुसरा एकला किती वढनार? देवी नाय बोलली. आता गोली खाऊन कोनाला फसवू?"

दोन-तीन दिवस भावोजी कामावरही गेले नाहीत, खुराड्यासमोर बसून राहिले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी माझ्या कोंबड्यांना अंगणात कणी टाकली. त्या तुटून पडल्या. भावोजींनी काय मनात आलं कुणास ठाऊक, जाळी उघडली. फौजदार ऐटीत बाहेर आला. माझ्या कोंबड्या त्याच्या पायांत कणी टिपतायत आणि हा मधोमध उभा, मान वाकडी करून बघतोय. भावोजी उठले, घरातनं खाद्याची पिशवी आणली आणि मूठभर पीठ टाकलं. फौजदार असा झेपावला, की माझी कोंबडी उडून भिंतीवर बसली.

भावोजींनी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "दुर्गे! त्याला ठावूकच नाय गं! दाना म्हंजे काय, ते त्याला ठावूकच नाय!"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं.

ते धावत आत गेले, पुतळाबायला हाताला धरून बाहेर आणलं, तिच्यासमोर परत कणी टाकली, परत पीठ टाकलं. "बग! बगितलंस? देवी नाय बोललीच नाय! मी चुकलो. खानं चुकलं माजं. तू गोली घे, बाय, पाया परतो तुज्या."

पुतळाबायनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "देवीला ठावूक नवतं काय, तुमी त्याला काय घालता ते? तिला थांबवाचं असतं तर तुमचा हात धरला असता." आणि आत गेली.

मग आम्ही दोघं मारोती भगताकडं गेलो. मी त्याला सगळं समजावलं, परत पान मांड म्हटलं. तो म्हणाला, "दुर्गा वयनी, तुमचं पटतंय मना. पन देवीला वर्सात एकदाच इचारतात. मी आता इचारलं तर उद्या सगला गाव आपल्याला पायजे तसा जबाब भेटंपरत इचारत बसंल." मी त्याला शिव्या घातल्या. तो ऐकून घेत राहिला. वाईट माणूस नव्हता तो, आणि तसं बघितलं तर चूकही नव्हता. पण पुढच्या चैत्रापर्यंत पुतळाबायला विनागोळी कोण जगवणार होतं?

घरी आल्यावर भावोजींनी फौजदाराचं खाद्य बंद केलं. खुराड्यात एका करवंटीत पाणी, एका करवंटीत तांदूळ. बस. कोंबडा ओरडायचा. जाळीवर चोची मारायचा, तुरा पडला, पिसं विस्कटली. पहाटे आरवायचा बंद झाला. भावोजी स्वतःही जेवेनात. म्हणायचे, "त्यानं खाल्लं की मी खाईन." पुतळाबाय आतनं म्हणायची, "नका वो त्या मुक्या जीवाचे हाल करू. मना बगवत नाय." त्यांनी ऐकलं नाही. त्यांना वाटत होतं, त्यानं एकदा दाणा उचलला की सगळं सुटेल.

आणि एका सकाळी उचलला. एक दाणा, मग दुसरा, मग करवंटी रिकामी. भावोजींनी त्याला उचललं, धावत आत आले, मला भिंतीवरनं हाका मारल्या. पुतळाबाय अंथरुणात बसली होती. त्यांनी तिची ओंजळ पसरवली, तीत तांदूळ ओतले आणि कोंबडा पुढं धरला. फौजदारानं तिच्या हातातनं दाणे टिपले. भराभर. ती हसली, त्याच्या मानेवरनं बोट फिरवलं. "खा, बाला, खा. किती वालला माजा फौजदार."

भावोजी रडत होते. "बगितलंस? खाल्ले का नाय? आता तरी घे गोली."

तिचं हसू गेलं. ती त्यांच्याकडं बघून म्हणाली, "भुकेनं खाल्ले वो त्यानं. उपाशी ठेवून हो बोलाला लावलात तुमी. ते काय हो झालं?" जरा खोकली, दम खाल्ला. "टेबलासमोर तुमी पन मान हलवलीत. खुशीनं हलवलीत काय?"

भावोजींचे हात लटकन खाली आले. कोंबडा सुटला आणि चुलीकडं पळाला.

त्यानंतर भावोजींनी तिला कधी बळजबरी केली नाही. पुडी घेऊन समोर बसायचे, ती मान फिरवायची, ते पुडी परत फडताळात ठेवायचे. रोज. पावसाळ्यात ताप परत आला. नवरात्रात थुंकीत रक्त दिसलं. सिस्टर स्वतः पनवेलहून एसटीनं आल्या, समजावून गेल्या. मुलगी उरणहून आली, रडली, भांडली, तिचंही ऐकलं नाही. फौजदाराला आता तांदूळ मिळत होते. तो परत बाळसेदार झाला होता, अंगणात मोकळा फिरायचा. नाकारलेला कोंबडा, कापणार कोण? पुढं तो म्हातारा होऊन मेला.

मार्गशीर्षात थंडी पडली तेव्हा पुतळाबायच्या अंगात काही उरलं नव्हतं. मी दुपारी जाऊन बसायची, पेज भरवायची. अशीच एकदा पेज भरवत होते तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "दुर्गे, त्या गोल्या हायत काय अजून?"

मला आधी कळलंच नाही. "कसल्या गोळ्या?"

"दवाखान्याच्या. हायत तर दे." तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. "मना मराचं नाय गं. देवी नाय बोलली, तर नाय बोलली. मी हो बोलते."

मी फडताळाकडं धावले. जुनी पुडी पावसात दमट होऊन तिचं पीठ झालं होतं. भावोजी अंगणातनं सायकल घेऊन निघाले ते डंपरांच्या मधनं पनवेलला, आणि उन्हं उतरायच्या आत नवीन गोळ्या, नवीन सुया घेऊन आले. दारातूनच ओरडत आले, "दिल्या, दिल्या, परत चालू करा बोलले!" डॉक्टर आणखी काय बोलले होते ते त्यांनी मला मागाहून सांगितलं.

तिनं गोळी घेतली. ओकली नाही. दुसऱ्या दिवशी हाक मारायच्या आधी हात पुढं केला. तिसऱ्या दिवशी भावोजींना म्हणाली, "आज बरं वाटतंय," आणि ते बाहेर येऊन मला सांगताना लहान पोरासारखे हसत होते. तो आठवडा तिनं एक गोळी चुकवली नाही. मग एका सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन गेले तेव्हा तिनं तोंड उघडलं, गोळी जिभेवर घेतली, पण पाणी गिळायची ताकद राहिली नव्हती. मी बोटानं गोळी बाहेर काढली. ती डोळ्यांनी मला सांगत होती, घाल, परत घाल. मी परत घातली. तशीच गेली ती, गोळी तोंडात घेऊन.

तेराव्याचे दिवस झाल्यावर भावोजींनी उरलेल्या गोळ्यांची पुडी कागदात नीट बांधली आणि पनवेलला नेऊन सिस्टरच्या हातात दिली. म्हणाले, "कोनाला लागल्या तर द्या." आणि सायकल हातात धरून चालतच घरी आले.